बोट लागते तिथल्या सोळा पायऱ्या

बेसा-पिपळ्याच्या माणसाला समुद्र गाठायचा, तर आधी विदर्भ एक्स्प्रेसमध्ये एक रात्र काढावी लागते. म्हणूनच की काय, आपल्या नागपूरकरांना क्रूझचे अप्रूप जरा जास्तच! बोट एखाद्या बेटाला लागते, आठ-नऊ तास मिळतात. त्यात किनारा, फोटो आणि खरेदी उरकून मंडळी संध्याकाळच्या जेवणाला पुन्हा बोटीवर हजर. कुठल्याही बेटावर हे चालून जाईल. हिंदी महासागरातल्या मॉरिशसला मात्र एवढ्यावर भागवू नये. तिथे आपली माणसे राहतात, आणि त्यांचे पूर्वजही बोटीनेच आले होते. फरक एवढाच, की त्यांना परतीचे तिकीट नव्हते.

पोर्ट लुई बंदरात उतरल्यावर टॅक्सीवाल्याला ‘आप्रवासी घाट’ सांगावे. गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, आणि इंग्रजांनी 1834 पासून ते हिंदुस्थानातून करारावर आणले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांवर माणसे या बेटावर उतरली. बहुतेक बिहार-उत्तर प्रदेशातली, काही तमिळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून निघालेले थोडे मराठी. ही मंडळी मुख्यतः कोकणची. बोटीतून उतरून सोळा दगडी पायऱ्या चढायच्या, डेपोत दोन दिवस काढायचे, नोंद व्हायची आणि मग मळा ठरायचा. त्या पायऱ्या अजून आहेत. पूर्वी या जागेला ‘कुली घाट’ म्हणत. ते नाव 1987 मध्ये बदलले आणि 2006 मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा ठरवले. पाहायला फार काही नाही, म्हणून बरेच पर्यटक अर्ध्या तासात निघतात. थोडे थांबावे. नोंद करणाऱ्या साहेबाला आडनावाची भानगड कळत नसे. मजुराचे नाव तो कानाला पडेल तसे लिही, आणि तेच पुढच्या पिढ्यांचे आडनाव होऊन बसे. भिवाजी, बाबाजी ही कोकणातली साधी नावे तिथे आज आडनावे आहेत.

योगायोग असा, की गांधीजींनाही हे बेट बोटीच्या थांब्यामुळेच दिसले. 1901 मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना त्यांची ‘नौशेरा’ बोट इथे थांबली आणि ते जवळजवळ तीन आठवडे राहिले. मुलांना शिकवा आणि राजकारणात लक्ष घाला, असे त्यांनी इथल्या हिंदी लोकांना सांगितले. पुढे 1968 मध्ये देश स्वतंत्र झाला, तो दांडीयात्रेच्या दिवशी, 12 मार्चला.

मराठी वस्ती पाहायची असेल, तर पश्चिमेकडच्या ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात, कास्कावेलकडे जावे. भाद्रपदात बोट लागली, तर नशीबच! गणेश चतुर्थीला या देशात सार्वजनिक सुट्टी असते. मूर्ती नदीवर किंवा समुद्रावर नेतात, आणि त्या दिवसांत ‘झाकरी’ रंगते. ही म्हणजे आपल्या कोकणची जाखडीच: मृदंग, झांजा, गोल फेर. रत्नागिरीकडच्या माणसाला ती ओळखता येईल. आपल्या विदर्भात जाखडी नाही, पण ताल कळायला गाव लागत नाही.

भाषेचे काय? इथे आपला हिरमोड होण्याचा संभव आहे. घरात क्रिओल, कचेरीत इंग्रजी, वर्तमानपत्रात फ्रेंच अशी तिथली वाटणी आहे. मराठी उरते ती पूजेत, मंडळात आणि शाळेच्या वर्गात. सरकारी शाळांत ती ऐच्छिक विषय म्हणून शिकवतात, आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत तिचे वरचे शिक्षणही मिळते. दुसरी जागतिक मराठी परिषद 1991 मध्ये याच बेटावर भरली होती. तरीही तिथला तरुण आपल्याशी अडखळत, पुस्तकी मराठी बोलतो. त्यावर हसणारे पर्यटक असतात. त्यांनी आधी बेसा रोडवरच्या एखाद्या मुलाला ‘अडुसष्ट म्हणजे किती?’ एवढे विचारून पाहावे. मॉरिशसच्या मुलाला मराठीवाचून काहीच अडत नाही. नोकरीला ती लागत नाही, बाजारातही नाही. पाच-सहा पिढ्यांमागे कुणी एक माणूस त्या पायऱ्या चढला, एवढ्यासाठी तो बाराखडी गिरवतो. हे प्रेम किती पिढ्या टिकेल, याची काळजी तिथल्या मराठी शिक्षकांना असणारच.

परतताना वेळ उरला, तर पोर्ट लुईच्या मध्यवर्ती बाजारात ‘दोल पुरी’ खावी. मजुरांबरोबर बिहारकडून आलेला हा पदार्थ. डाळीचे सारण भरलेली पोळी, म्हटले तर पुरणपोळीची बहीण, पण गोड नाही. सोबत वालाची रस्साभाजी आणि मिरचीची चटणी देतात, आणि ती सावजी खाणाऱ्या जिभेलाही चालेल. गाड्यावर उभ्याने, कागदात गुंडाळून खायची. एकाने भागत नाही, दोन मागाव्यात.