सोळा गुंठ्यांतले पाच लाख

मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई तशी आटोपशीर. वस्ती दीड लाखाच्या आसपास. बंदरालगत आप्रवासी घाट आहे. जुन्या मजूर-तळाची आज उरलेली जागा १,६४० चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशेबात सोळा गुंठे. आपण एवढ्या जागेत एखादं मंगल कार्यालय बांधू, आणि मग पार्किंगवरून भांडू.

ब्रिटिशांनी १८३३ मध्ये गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला. उसाच्या मळ्यांना माणसं तर हवीच होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजातून ३६ भारतीय मजूर करारावर उतरले. १९२० पर्यंत हा आकडा पाच लाखांच्या जवळ गेला. भागाकार केला तर रोज सोळा माणसं, शहाऐंशी वर्षं, खाडा न करता. सरासरी अर्थात फसवी असते. जहाज लागलं की शेकडो जण एकदमच येत. १८४९ पासून त्यांना या तळावर आणू लागले. सोळा दगडी पायऱ्या चढायच्या, नोंद व्हायची, क्रमांक मिळायचा आणि मळ्याकडे रवानगी. काहींना तर इथूनच पुढे रियुनियन, आफ्रिका, कॅरिबियनकडे धाडलं. आज दर तीन मॉरिशसवासीयांत साधारण दोघांचे पूर्वज भारतातले आहेत. जगात दुसरं स्वतंत्र राष्ट्र असं घडलेलं मला तरी ठाऊक नाही.

घाटावरून चालत ब्ल्यू पेनी संग्रहालयात जाता येतं. तिथला हिशेब उलटा. १८४७ मध्ये एक पेनीची ५०० आणि दोन पेन्सची ५०० टपाल तिकिटं छापली. जगात उरलेली माहीत आहेत ती २७. त्यातली एक जोडी मॉरिशसच्या बँका-कंपन्यांनी १९९३ मध्ये सुमारे वीस लाख डॉलर मोजून मायदेशी आणली. रंग उडू नये म्हणून मूळ तिकिटांवर तासातून दहाच मिनिटं दिवा लागतो. एकूण दर्शनी किंमत तीन पेन्स!

पर्यटक तिकिटांपाशी घड्याळ बघत थांबतात. मला विचाराल तर वेळ घाटावर घालवा. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडचे मराठी लोक होते. मजुरांच्या नोंदवह्या शहराबाहेर मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपल्या आहेत: नाव, बापाचं नाव, वय, उंची, गाव, जहाज. तुमच्या घराण्यात कुणी ‘बोटीवर गेला तो गेलाच’ असं ऐकलं असेल, तर गावाचं जुनं नाव लिहून घ्या आणि तिथं चौकशी करा.