वाळली, पण मेली नाही!



मे महिन्यातली दुपार आहे असे समजा. तुम्ही स्वारगेटच्या स्थानकावर महाबळेश्वरला जाणाऱ्या एस.टी.ची वाट पाहत आहात आणि गाडीला अजून अवकाश आहे. हा वेळ फुकट घालवू नका. आसपासची एखादी जुनी दगडी भिंत शोधा. ती न सापडली तर सारसबाग आणि पर्वतीचा पायथा तेथून जवळच आहेत. भिंतीच्या सावलीच्या बाजूला, दगडांच्या सांध्यांतून, जमिनीपासून वीतभर उंचीवर एक काळपट तपकिरी पापुद्रा दिसतो का ते पाहा. तो इतका कोरडा असतो की बोटाने चोळला तर त्याचा चहाच्या पुडीसारखा भुगा होईल. कोणीही म्हणेल, "मेले आहे हे!"

आता तुमच्या बाटलीतल्या पाण्याचा एकच थेंब त्यावर टाका आणि मनातल्या मनात आकडे मोजा. तीसपर्यंत मोजून होण्याच्या आतच त्या पापुद्र्यात हालचाल सुरू होते. आत वळलेली पाने एकेक करून उलगडतात आणि तपकिरी ठिपक्याच्या जागी इवल्याशा हिरव्या चांदण्या दिसू लागतात. गेल्या पावसाळ्यानंतर जवळजवळ सात महिने जिला पाणी मिळालेले नाही, ती वनस्पती तुमच्या डोळ्यांदेखत जागी होते.

ही कोण? आणि तिला हे कसे साधते?

शेवाळ नव्हे, हरिता

बोलताना आपण ओल्या जागी वाढणाऱ्या प्रत्येक हिरव्या गोष्टीला 'शेवाळ' म्हणतो. पण त्या एका शब्दात निदान तीन निरनिराळी कुटुंबे राहतात.

विहिरीच्या पायरीवर पाय घसरवणारा जो बुळबुळीत हिरवा थर असतो, ते शैवल. त्याला ना खोड, ना पान. झाडाच्या सालीवर किंवा खडकावर करड्या, पांढुरक्या खपल्या दिसतात, ते दगडफूल. मसाल्यात घालतो तेच! ते म्हणजे बुरशी आणि शैवल यांची भागीदारी आहे. आणि तिसरी आपली ही भिंतीवरची पाहुणी. इंग्रजीत तिला मॉस म्हणतात, मराठी वनस्पतिशास्त्रात हरिता. भिंगातून पाहिले तर हिला सरळ बारीक खोड असते आणि त्याभोवती खरीखुरी दिसणारी पाने असतात. स्पर्श बुळबुळीत नसून मखमलीसारखा असतो. एवढ्या खुणा ध्यानात ठेवल्या की तुम्ही फसणार नाही.

जगात हरितांच्या सुमारे १२,००० जाती आहेत. त्यांना फूल नाही, फळ नाही, बी नाही. ओलसर दिवसांत त्यांच्या शेंड्यावर केसासारखा देठ उभा राहतो आणि त्याच्या टोकाला मोहरीएवढे किंवा त्याहूनही लहान बोंड येते. बोंडात धुळीसारखी बारीक बीजुके असतात. पुष्कळ जातींत या बोंडाच्या तोंडाशी दातांची एक नाजूक झालर असते. हवेतील ओलावा कमीजास्त झाला की हे दात हलतात आणि बीजुके थोडी थोडी बाहेर पडून वाऱ्यावर स्वार होतात.

मुळे नसलेली वनस्पती

तुळस सुकू लागली तर आपण पाणी कोठे घालतो? मुळाशी. मुळे ते शोषतात आणि खोडातील नलिका ते पानापर्यंत पोहोचवतात. पानावर मेणासारखे आवरण असते, त्यामुळे आतले पाणी लवकर उडून जात नाही.

हरितेजवळ यांतले जवळजवळ काहीच नाही. तिला खरी मुळे नसतात. बारीक धाग्यांसारखे मूलाभ असतात, पण त्यांचे मुख्य काम भिंतीला धरून ठेवण्याचे. पान बहुधा एकाच पेशीच्या जाडीचे, आणि त्यावर आवरण असलेच तर अगदी नाममात्र. त्यामुळे ती पाणी सर्वांगाने पिते आणि सर्वांगाने गमावते. हवा ओली तर ती ओली, हवा कोरडी तर ती कोरडी.

तुळशीच्या पेशींतले पाणी एका मर्यादेखाली गेले की तुळस मरते. भिंतीवरच्या हरितेने वेगळा मार्ग काढला आहे. पाणी जाऊ लागले की ती आपले सारे व्यवहार आवरते घेते. पेशींत साठलेली साखर आणि काही प्रथिने आतल्या नाजूक पडद्यांना सांभाळून धरतात. श्वसन जवळजवळ थांबते. दुकानदार दिवाळीनंतर फळ्या लावून गावी जावा, तशी ती दुकान बंद करून बसते. दुकान बंद, म्हणून कमाई नाही. पण दिव्याचे बिल नाही आणि नोकराचा पगारही नाही!

अशी झोप किती लांब असू शकते? अंटार्क्टिकाजवळच्या साइनी बेटावर बर्फात गोठून गेलेली हरिता शास्त्रज्ञांनी बाहेर काढली आणि प्रयोगशाळेत ऊब व प्रकाश दिला. तिला नवे कोंब फुटले. तिचे वय निघाले दीड हजार वर्षांहून अधिक! हा शोध २०१४ साली प्रसिद्ध झाला. ती झोप थंडीची होती आणि आपल्या भिंतीवरची झोप उन्हाळ्याची आहे. पण व्यवहार बंद ठेवून तग धरण्याचे तत्त्व दोन्हीकडे दिसते.

ओळख कशी पटवाल?

दहापट मोठे दाखवणारे एक भिंग घ्या. पावसाळ्यात शहरातल्या भिंती, कुंड्या आणि पायऱ्या पाहत चला. या काही ओळखी सहज होतील.

हायोफिला: दगडी आणि सिमेंटच्या भिंतींवर दाट गाद्यांसारखी वाढते. कोरडी असताना पानांच्या कडा आतल्या बाजूस गुंडाळलेल्या असतात आणि पाणी मिळताच पाने चांदणीसारखी उघडतात. आरंभी थेंब टाकून पाहिली ती बहुधा हीच असेल.

चंदेरी ब्रायम: फरसबंदीच्या फटींत हिचे रुपेरी-हिरवे ठिपके दिसतात. पानांच्या टोकांकडील पेशींत हरितद्रव्य नसते, म्हणून ती चांदीसारखी चमकते. शहरातल्या पदपथापासून अंटार्क्टिकापर्यंत ही सर्वत्र पोहोचलेली आहे.

फिसिडेन्स: ओलसर, सावलीच्या मातीच्या कडेवर सापडते. पाने दोनच रांगांत, समोरासमोर असतात, म्हणून ती चपट्या पिसासारखी दिसते. एकदा पाहिली की विसरणार नाही.

फ्युनेरिया: तुमच्या पुढच्या इयत्तांच्या पुस्तकांत हिची आकृती भेटेल. जळालेल्या जमिनीवर, शेकोटीच्या जुन्या जागी ती हौसेने वाढते. बोंड नासपतीच्या आकाराचे आणि बाकदार. त्याचा देठ ओल लागली की पीळ सोडतो आणि वाळला की पुन्हा पीळ भरतो.

नाव नक्की ठरवायला मात्र सूक्ष्मदर्शक लागतो. पानाच्या पेशींचा आकार, मधली शीर कोठपर्यंत जाते, बोंडाचे दात किती, हे सारे पाहावे लागते. म्हणून वहीत आधी खुणा लिहा, नाव नंतर. जागा, तारीख, दगड की माती की साल, ऊन की सावली आणि एक साधे चित्र, एवढे टिपून ठेवलेत तर पुढे एखादा जाणकार भेटल्यावर तुमची वही त्याच्याही उपयोगी पडेल.

स्वारगेट ते महाबळेश्वर

एवढ्यात तुमची गाडी लागली. कात्रज मागे टाकून, खंबाटकीचा घाट ओलांडून, वाईवरून पसरणीच्या घाटाने ती वर चढते. अंतर सुमारे १२० किलोमीटर. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, तर महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास. पुण्यात वर्षाला सुमारे ७० सेंटिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला ५०० सेंटिमीटरांहून अधिक!

म्हणून तेथे हरिता भिंतीवरच थांबत नाही. जांभूळ, अंजन, हिरडा यांची खोडे ती पुरती झाकून टाकते आणि काही जाती फांद्यांवरून दोरीसारख्या लोंबतात. धुक्याचे कण त्यांच्या पानांवर अडकतात आणि थेंब होऊन खाली ठिबकतात. त्या ओल्या गादीत नेचे आणि आमरी मूळ धरतात, किडे-कोळी आसरा घेतात.

पावसाळ्यात ही मखमल पाहिली की कोणालाही मोह होतो. एक तुकडा सोलून काढावा, डब्यात घालावा आणि घरी काचेच्या बरणीत बाग करावी! बरणीत रोज पाणी शिंपडले जाते, झाकण लावले जाते. आठ दिवस ती छान दिसते. मग पिवळी पडते, काळी पडते, बुरशी धरते. "एवढे पाणी घालूनसुद्धा मेली कशी?" असा प्रश्न पडतो.

तहानेने नव्हे, भुकेने

मित्रहो, या प्रश्नाचे उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. हिरवी वनस्पती दिवसा प्रकाशात अन्न तयार करते. ही तिची कमाई. श्वसनात ते अन्न रात्रंदिवस खर्च होते. हा तिचा खर्च. उष्णता वाढली की श्वसनाचा वेग वाढतो, म्हणजे खर्च वाढतो. पण ओली आणि ऊबदार खोली, मंद उजेड आणि कोंदट रात्र असली तर कमाई मात्र तुटपुंजीच राहते. महाबळेश्वरच्या गार रात्री तिचा खर्च थोडक्यात भागत असे. तुमच्या बरणीत ती सतत ओली, म्हणून सतत जागी, आणि रात्रभर उबेत खर्च करत बसलेली! शिल्लक संपली की ती मरते. ती तहानेने नाही, भुकेने मरते.

आता भिंतीवरच्या हरितेचा विचार करा. मे महिन्यात एखादा दयाळू मुलगा दुपारी तिच्यावर पाणी शिंपडतो. ती जागी होते. पण वाळताना पेशींच्या पडद्यांची जी मोडतोड झालेली असते, ती आधी दुरुस्त करावी लागते आणि त्यासाठी साठवलेले अन्न खर्ची पडते. कमाई सुरू होऊन तो खर्च भरून निघायला वेळ हवा. तेवढ्यात कडक उन्हाने भिंत पुन्हा वाळते आणि दुकान उघडताच बंद करावे लागते. असे वारंवार झाले तर ती दरवेळी तोट्यात जाते. पावसाळ्यात ती दिवसच्या दिवस ओली राहते, म्हणून तेव्हाचे जागरण तिला परवडते.

मग आपण आरंभी टाकलेल्या थेंबाचे काय? त्या इवल्या ठिपक्याला त्याची किंमत मोजावी लागली, हे खरेच. म्हणून तो प्रयोग एकदाच करावा, आणि एकाच थेंबाने.

करून पाहा

जून ते सप्टेंबर या काळात, घराच्या किंवा शाळेच्या आवारातील भिंतीवरून, मोठ्यांना विचारून, नखाएवढे दोन तुकडे घ्या. त्याहून मोठे नकोत.

दोन्ही तुकडे कौलाच्या दोन खापऱ्यांवर ठेवा. एक खापरी बाहेर, सावलीत, पाऊस लागेल अशा जागी ठेवा. दुसरी घरात झाकणाच्या बरणीत ठेवून रोज ओली करा. पाणी मात्र दोघींना पावसाचेच. हरिता सर्वांगाने पाणी पीत असल्यामुळे विहिरीच्या जड पाण्यातील क्षार तिच्या पानांवर साठत जातात. आठवड्यातून एकदा दोन्हींचा रंग, नवे कोंब आणि बुरशी यांची नोंद करा. ऑक्टोबरात पाऊस थांबला की बाहेरची खापरी वाळेल. तिला वाळू द्या! पाणी घालू नका. पुढच्या जूनमध्ये काय होते ते पाहा आणि मग दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचा.

जंगलातली हरिता मात्र या प्रयोगासाठी आणू नका. झाडावरची ती गादी तयार व्हायला कित्येक वर्षे लागतात आणि सोलायला एक क्षण पुरतो. शिवाय अभयारण्यातून आणि राखीव जंगलातून वनस्पती उचलण्यास कायद्याने मनाई आहे. तेथे भिंग न्या, वही न्या, डबा नको.

राहता राहिली घराची भिंत. येण्याजाण्याच्या पायरीवर बुळबुळीत शेवाळ साचले असेल तर ते अवश्य घासून काढा, कोणी पडेल. पण जेथे कोणाची अडचण नाही अशा कोपऱ्यातला तपकिरी पापुद्रा 'घाण' म्हणून खरवडू नका. तो मेलेला नाही. तो पावसाची वाट पाहत आहे.

पुढच्या जूनमध्ये पहिली सर येऊन गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच भिंतीपाशी जा. ती हिरवी झालेली दिसेल. तिच्यासाठी तुम्ही काय केलेत, असे कोणी विचारले तर खुशाल सांगा, "काही नाही. तिला झोपू दिले!"