मागणी होती, बाजार नव्हता

जून १९७७ मध्ये अमेरिकेतील एन.बी.ए. या पुरुषांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधील संघांनी नव्या खेळाडूंची वार्षिक निवड केली, तेव्हा सातव्या फेरीत, एकशे सदतिसाव्या क्रमांकावर, न्यू ऑर्लिन्स जॅझ या संघाने लुशिया हॅरिस हिचे नाव पुकारले. पुरुषांच्या यादीत एका स्त्रीचे नाव! १९६९ मध्ये डेनिस लाँग या तरुणीचे नाव एका संघाने असेच घेतले होते. परंतु ती निवड लीगने मान्य केली नाही. त्यामुळे रीतसर निवडली गेलेली पहिली स्त्री हा मान हॅरिसकडेच जातो. ती मात्र चाचणीला गेलीच नाही. तिचे नुकतेच लग्न झाले होते, ती गरोदर होती, आणि धिप्पाड पुरुषांपुढे आपला टिकाव लागेल असे तिला वाटत नव्हते. तिचा हा निर्णय व्यवहारी होता, असेच म्हणावे लागेल. प्रश्न वेगळाच आहे. बावीस वर्षांच्या, आपल्या क्षेत्रात देशात अग्रगण्य असलेल्या या स्त्रीपुढे खेळून पोट भरण्याचा दुसरा मार्ग त्या दिवशी कोणता होता? उत्तर एका शब्दाचे आहे : कोणताही नाही.

लुशियाचा जन्म १० फेब्रुवारी १९५५ रोजी मिसिसिपी राज्यातील मिंटर सिटी येथे झाला. नावात ‘सिटी’ असली तरी हे कापसाच्या मुलखातले खेडेगाव. अकरा भावंडांत तिचा क्रमांक दहावा. आईबाप शेतकरी, तेही कृष्णवर्णीय आणि गरीब. मुलांनाही कापूस वेचावा लागे. रात्री घरचे झोपल्यावर ही मुलगी गोधडीआडून दूरचित्रवाणीवर सामने पाही आणि ऑस्कर रॉबर्टसनसारखा चेंडू टाकण्याची स्वप्ने रंगवी. उंची वाढत वाढत सहा फूट तीन इंचांवर गेली. शाळेत ज्या उंचीची टिंगल झाली, तीच पुढे तिचे भांडवल ठरली.

ती क्लीव्हलंड येथील डेल्टा स्टेट महाविद्यालयात गेली, त्यामागेही एक कथा आहे. तिथल्या प्रशिक्षिका मार्गारेट वेड या तरुणपणी त्याच महाविद्यालयाच्या संघातून खेळल्या होत्या. हा खेळ स्त्रियांना झेपणारा नाही असे ठरवून महाविद्यालयाने १९३०च्या दशकाच्या आरंभी तो संघ बंद केला, तेव्हा मुलींनी आपले गणवेश जाळून निषेध केला. पुढे चार दशके तिथे स्त्रियांचा संघच नव्हता. १९७३ मध्ये तो पुन्हा उभा राहिला आणि साठी ओलांडलेल्या वेडबाईंकडे त्याची सूत्रे आली. १९७२ च्या शिक्षणविषयक कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या संस्थांना लिंगभेद करण्यास मनाई केली, त्याची ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. संस्थाचालकांना उपरती होते ती बहुधा अनुदानाच्या वाटेनेच. तथापि कायदा झाला म्हणजे पैसा आला असे नव्हे. हॅरिसचे शिक्षण खेळाच्या शिष्यवृत्तीवर झाले नाही. अभ्यासासाठीची मदत आणि महाविद्यालयातच काम करून मिळणारे पैसे यांवर ते झाले.

त्या संघात ती एकटीच कृष्णवर्णीय होती. १९७५ च्या अंतिम सामन्यात डेल्टा स्टेटने लागोपाठ तीन वर्षे विजेत्या ठरलेल्या इमॅक्युलाटा संघाला ९० विरुद्ध ८१ असे नमविले. त्या वर्षी संघाने एकही सामना गमावला नाही. १९७६ आणि १९७७ मध्येही विजेतेपद याच संघाकडे राहिले. चार वर्षांत हॅरिसने २,९८१ गुण केले, म्हणजे सामन्यामागे जवळजवळ सव्वीस. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तिने एकाच सामन्यात ४७ गुण काढले. मिसिसिपीच्या आडगावातल्या या महाविद्यालयात लोक स्त्रियांचा सामना पाहायला गर्दी करीत. प्रेक्षकाला रस नाही म्हणून स्त्रियांच्या खेळात पैसा नाही, हा युक्तिवाद अर्थशास्त्राच्या नावावर वारंवार खपविला जातो; त्याला ही गर्दी पुरेसे उत्तर आहे. मागणी होती. त्या मागणीचे वेतनात रूपांतर करणारी व्यवस्था नव्हती. लीग, करार, प्रक्षेपणाचे हक्क ही सारी माणसांनी उभी करावयाची साधने आहेत. ती पावसाळ्यातल्या गवतासारखी आपोआप उगवत नाहीत.

पुरुषांचा बास्केटबॉल १९३६ पासून ऑलिंपिकमध्ये होता. स्त्रियांना तिथे प्रवेश मिळाला तो १९७६ मध्ये, माँट्रियल येथे. जपानविरुद्धच्या लढतीत ऑलिंपिकमधील स्त्रियांच्या बास्केटबॉलचे पहिले गुण हॅरिसच्या नावावर लागले. तो सामना अमेरिका हरली, ही गोष्ट गौरवलेखांतून सहसा गाळली जाते. सुवर्णपदक सोव्हिएत संघाने नेले. अंगणातच जन्मलेल्या खेळात अमेरिकेच्या मुलींना रौप्यपदकावर समाधान मानावे लागले.

आपल्याकडे रेल्वेने किंवा बँकेने खेळाडू मुलीला नोकरी देण्याची प्रथा पडली, तिची आपण पुष्कळदा थट्टा करतो. कारकुनाच्या खुर्चीत बसविलेली कबड्डीपटू हा विनोदाचा विषय नाही. मैदानावरून उतरल्यावरही त्या मुलीला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, घरात तिचे वजन राहते. हॅरिसच्या श्रीमंत देशात १९७७ साली तिला एवढाही आधार नव्हता. तिने आपल्याच महाविद्यालयात प्रवेश विभागात आणि साहाय्यक प्रशिक्षिका म्हणून काम धरले. स्त्रियांची पहिली व्यावसायिक लीग १९७८ मध्ये सुरू झाली. तिच्यातील ह्यूस्टन एंजल्स संघाकडून ती १९७९-८० चा हंगाम खेळली आणि थांबली. ती लीगही १९८१ मध्ये बुडाली. यानंतरची कायमची लीग, डब्ल्यू.एन.बी.ए., १९९७ मध्ये मैदानात उतरली. तेव्हा हॅरिस बेचाळीस वर्षांची होती.

मधल्या काळात तिने चार मुले वाढविली, १९८४ मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली, टेक्सासमध्ये प्रशिक्षण दिले, आणि अखेर मिसिसिपीत परतून शाळेत शिकविले. ज्या शाळेत ती स्वतः खेळली, तिथल्या मुलींनाही तिने हा खेळ शिकविला. द्विध्रुवी मनोविकाराशी तिची झुंज चालू होती. पुढे तिने त्याविषयी उघडपणे सांगितले. १९९२ मध्ये नेस्मिथ यांच्या नावाच्या बास्केटबॉल कीर्तिदालनात तिचा समावेश झाला. नेरा व्हाइट आणि ती, या तिथे खेळाडू म्हणून प्रवेश मिळालेल्या पहिल्या दोन स्त्रिया. त्या समारंभात तिच्या सोबतीला ऑस्कर रॉबर्टसन होता.

बाहेरच्या जगाला तिचे नाव कळले ते मात्र फार उशिरा. बेन प्राउडफूट यांनी तिच्यावर बावीस मिनिटांचा माहितीपट केला. त्यात कॅमेऱ्यापुढे बसून ती हसत हसत आपली हकीकत सांगते. १८ जानेवारी २०२२ रोजी, सहासष्टाव्या वर्षी, ती वारली. मार्चमध्ये त्या माहितीपटाला ऑस्कर पारितोषिक मिळाले.