डायोडमधील विद्युतधारेचा अंदाज : ०.७ व्होल्टच्या गृहीतकाची मर्यादा

पदवी वर्गांना इलेक्ट्रॉनिक्स शिकविताना सिलिकॉन डायोडवरील विभवांतर ०.७ व्होल्ट धरण्याचा प्रघात आहे. हा आकडा इतका रूढ झाला आहे की, ते केवळ सोयीचे गृहीतक आहे याचा विद्यार्थ्यांना विसर पडतो. प्रयोगशाळेत मल्टिमीटरने ०.६७ दाखविले, तर मल्टिमीटरच सदोष ठरविला जातो. क्वचित प्रयोगवहीत नोंदच बदलली जाते.

५ व्होल्टचा वीजपुरवठा, १ किलोओहमचा रोध आणि डायोड एकसर जोडणीत आहेत असे मानू. डायोडचे ०.७ व्होल्ट वजा जाता रोधावर ४.३ व्होल्ट उरतात. म्हणून धारा ४.३ मिलिअँपिअर. हा अंदाज कितपत विश्वसनीय आहे?

विल्यम शॉक्ली यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार डायोडमधील धारा विभवांतराबरोबर घातांकी रीतीने वाढते. आदर्श डायोडमध्ये, खोलीच्या तापमानाला, धारा दसपट होण्यास सुमारे ६० मिलिव्होल्टची वाढ पुरते. १ मिलिअँपिअर धारेला नेमके ०.७ व्होल्ट असणारा डायोड घेतल्यास ४.३ मिलिअँपिअरला त्यावरील विभवांतर सुमारे ०.७३८ व्होल्ट होते. ही किंमत परिपथात पुन्हा घातली असता धारा ४.२६ मिलिअँपिअर येते. हीच कृती आणखी एकदा केली तरी उत्तर हलत नाही. चूक जेमतेम एक टक्का! गृहीतक येथे टिकते, कारण पुरवठ्याच्या तुलनेत काही मिलिव्होल्टचा फरक नगण्य आहे.

आता पुरवठा १ व्होल्ट करू. गृहीतकानुसार धारा ०.३ मिलिअँपिअर, वरील कृतीने मात्र डायोडवर ०.६७१ व्होल्ट आणि धारा ०.३२९ मिलिअँपिअर मिळते. अंदाज सुमारे नऊ टक्क्यांनी कमी पडला. प्रश्नपत्रिकांत सहसा ५ वा १० व्होल्टचेच परिपथ असल्याने ही तफावत दृष्टीस पडत नाही.

तापमानाचा परिणामही याच ठिकाणी बोचतो. धारा स्थिर असता डायोडवरील विभवांतर दर अंश सेल्सिअसला सुमारे २ मिलिव्होल्टने घटते. डायोड २० अंशांनी तापला, तर ५ व्होल्टच्या परिपथातील धारा एखादा टक्काच वाढेल. १ व्होल्टच्या परिपथात ती दहा टक्क्यांहून अधिक वाढेल. त्या परिपथात मल्टिमीटरने दाखविलेले ०.६७ व्होल्ट हेच बरोबर उत्तर आहे.