काचेपलीकडची आई

बाळंतीण म्हटली की आपल्याला शेकशेगडी, डिंकाचे लाडू आणि कुशीतलं बाळ आठवतं. कूस रिकामी आणि बाळ अतिदक्षता विभागात, अशी बाळंतीण या चित्रात बसत नाही. पण ती दुर्मीळ नाही. ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मतं ते अपुऱ्या दिवसांचं मूल. २०२० साली भारतात अशी सुमारे ३० लाख बाळं जन्मली, जगात सर्वाधिक.

माझ्या भाचीची मुलगी ३१व्या आठवड्यात आली. वजन एक किलो तीनशे ग्रॅम. पहिल्या काही दिवसांत ते आणखी उतरतं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं; तरी रोजचा आकडा ऐकून भाचीचा चेहरा उतरायचा. बँकेत जन्मभर शिल्लक तपासली, पण वीस ग्रॅमसाठी जीव टांगणीला लागलेला मी तिथेच पाहिला.

बाळाच्या पायाची तार जरा सरकली तरी यंत्र किंचाळायचं. नर्स शांतपणे ती नीट लावायची. काचेबाहेरच्या आईला मात्र दरदरून घाम फुटायचा. रात्री ती हिशेब मांडत बसे. जिना चढले, म्हणून झालं? प्रवास केला, म्हणून? पुष्कळदा अशा प्रसूतीचं कारण डॉक्टरांनाही सापडत नाही. त्यात भेटायला येणारे! 'सातव्या महिन्याचं जगतं, आठव्याचं कठीण,' असं एक बाई तिच्यासमोरच बोलल्या. हे धादांत खोटं आहे. पोटात मिळालेला जास्तीचा प्रत्येक आठवडा अशा बाळाला बळच देतो.

"मामा, मी तिची आई नाहीच. भेटीच्या वेळेत येणारी पाहुणी आहे," ती एकदा म्हणाली. तिच्या ताणाचं मूळ मला या वाक्यात दिसतं. 'काळजी करू नकोस' म्हणून ते हलत नाही. तिला आईचं काम द्यावं लागतं.

पहिलं काम दुधाचं. दर दोन-तीन तासांनी काढलेलं चमचाभर दूधही नळीवाटे बाळाला देता येतं. मन धास्तावलं की पान्हा लांबतो, आणि तो लांबला की धास्ती वाढते. अशा वेळी दुसऱ्या आईचं दूध आधाराला येतं. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केलेली दुग्धपेढी आशियातली पहिली. (पेढी असावी तर अशी, असं या जुन्या बँकवाल्याला वाटतं.)

दुसरं काम छातीशी धरण्याचं. कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचपेट्या अपुऱ्या पडत, तेव्हा १९७८ मध्ये डॉ. एडगर रे यांनी बाळं आईच्या उघड्या छातीला बांधायला सुरुवात केली. कांगारूवरून त्याला नाव पडलं. याला गरिबाघरचा उपाय म्हणून हसू नये. दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांतल्या रुग्णालयांत झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळाची प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच असं धरलं, तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. त्यासाठी आईची खाटच त्या विभागात हलवली होती. आपल्याकडची किती रुग्णालयं अशी खाट देतील?

भाचीनं अकराव्या दिवशी मुलीला छातीशी धरलं. त्या तासाभरात पडद्यावरचे आकडे बघायचं ती विसरली. पुढे जावईही सदऱ्याची बटणं सोडून पाळीला बसू लागले.

रजेचा प्रश्न उरतोच. मी शाखा सांभाळत होतो तेव्हा प्रसूतीची रजा १२ आठवडे असे; २०१७ मध्ये कायद्यानं ती पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे केली. आमच्या एका कॅशियरबाईंचे त्या बारांतले सात आठवडे रुग्णालयाच्या बाकावर गेले. बाळ घरी येऊन पाच आठवडे होतात न होतात तोच त्या काउंटरवर हजर. दुपारी नोटा मोजता मोजता त्यांचा हात मध्येच थांबायचा आणि रांगेतले लोक कुरकुरायचे.