हिरव्या पट्ट्यांची पायी तपासणी

पहाटे 5.30, सेमाडोह
मार्चचा पहिला आठवडा, मेळघाट. सिपना नदीकाठी अजून गारठा आहे. सॅकमध्ये रेंजफाइंडर, होकायंत्र, पॉवर बँक. मोबाइलवर एम-स्ट्राइप्स हे गस्तीच्या नोंदींचं ॲप सुरू केलं. आत नेटवर्क नसलं तरी जीपीएस चालतं. नोंदी परत आल्यावर अपलोड होतात.

6.15
2 किलोमीटरची ट्रान्सेक्ट रेषा. पुढे वनरक्षक, मागे मी, बोलणं बंद. चितळांचा कळप दिसला की संख्या, अंतर आणि होकायंत्रावरचा कोन टिपायचा. या तीन आकड्यांतून तृणभक्षींची घनता काढता येते. वाघाचा हिशेब इथूनच सुरू होतो. भक्ष्य नसेल तिथे तो मुक्काम करत नाही.

8.30
आजचं मुख्य काम: सेंटिनेल-2 उपग्रहाच्या चित्रावरून केलेला नकाशा जागेवर पडताळणं. चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा 10 मीटरचा चौकोन. सागानं पानं टाकल्यामुळे नकाशा तपकिरी दिसतोय. फक्त नाल्यालगत एक गडद हिरवा पट्टा आहे. हिरवाईच्या निर्देशांकात त्याचा नंबर पहिला. पोचलो, तर पुरुषभर उंचीची रायमुनिया, म्हणजे घाणेरी. वनरक्षक दादा हसले, "मॅडम, इथं चितळ कायले येईल?" तिच्या पाल्याला चितळ-सांबर सहसा तोंड लावत नाहीत आणि तिच्या दाटीत गवतही वाढत नाही.

10.15
जीपनं पुनर्वसित गावाच्या जुन्या गावठाणावर. बोरी, कोहा, कुंड इथली माणसं बाहेर वसली आणि शेतांची कुरणं झाली. नकाशात हा भाग फिकट, जवळजवळ ओसाड. प्रत्यक्षात गुडघाभर वाळलेलं गवत, गव्याचं शेण, सांबराच्या लेंड्या. फोटो काढला, बिंदू नोंदवला.

12.00
वाटेत कॅमेरा ट्रॅपची कार्डं बदलली. कॅमेरे समोरासमोर दोन, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात.

2.30
जेवण संपेपर्यंत आगीचा संदेश. उपग्रहानं दाखवलेला बिंदू सुमारे 375 मीटरच्या चौकोनाचा असतो, नेमकी जागा माणसांनाच शोधावी लागते. नकाशावर जवळची जाळरेषा पाहून पथकाला रस्ता कळवला. तासाभरात निरोप आला: बफरमधल्या शेतातला काडीकचरा होता, विझवला.

4.00
क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर उघडलं. सकाळच्या बिंदूंनी एक गोष्ट स्पष्ट केली आहे: एका तारखेचं चित्र पुरत नाही. नोव्हेंबर आणि मार्चची चित्रं शेजारी ठेवली. गवत तेव्हा हिरवं, आता पिवळं. घाणेरी दोन्ही वेळा हिरवी. नाल्याकाठची सदाहरित झाडंही तशीच दिसतात, म्हणून अशा पट्ट्यांवर आपोआप 'घाणेरी' असा शिक्का मारला नाही. ते 'संशयित' या वेगळ्या लेयरमध्ये टाकले.

6.30
रेंजर साहेबांचा प्रश्न थेट: "मजूर कुठे लावू?" पावसाआधी घाणेरी मुळाच्या गड्ड्यासकट काढावी लागते आणि पावसानंतर उगवलेली रोपं पुन्हा उपटावी लागतात. मजूर मोजकेच. म्हणून कुरणाला आणि पाणवठ्याला लागून असलेले, पायी तपासलेले पट्टे यादीत वर घेतले. बाकीचे पट्टे यादीत घेतले नाहीत. त्यांची पाहणी उद्या पहाटे.