नदीचे वळण आणि जमिनीतली भेग

भाताची रोपवाटिका पाहायला जांभूळला गेलो होतो. काम उरकून ओट्यावर चहा घेत असता एका वृद्ध शेतकऱ्याने विचारले, "साहेब, समुद्र मावळतीला. मग आपली उल्हास कर्जतवरून सरळ मावळतीला न जाता उत्तरेला बदलापूरपर्यंत कशापायी येते?"

प्रश्न साधा वाटेल, पण भूगर्भशास्त्रज्ञ नद्यांना नेमका हाच प्रश्न विचारतात.

खाचराच्या बांधाला खेकड्याने भोक पाडले की पाणी तिथूनच वाट काढते, हे आपणांस ठाऊक आहे. नदीचेही तसेच. आपला काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर साचून झाला. त्याला जागोजागी लांब भेगा आहेत. भेगेतला दगड पिचलेला असतो, म्हणून पाणी तो लवकर कोरते. नदी मैलोगणती सरळ चालली किंवा एकाएकी काटकोनात वळली, तर खाली भेग असावी असा संशय येतो. विहिरीची जागा दाखवणारे तज्ज्ञही अशाच रेषा धुंडाळतात, कारण भेगेत पाणी सापडते.

मात्र प्रत्येक भेग भूकंपाची नसते, बरे का! भेगेच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकल्या असतील तर तिला प्रस्तरभंग म्हणतात, आणि ते सरकणे अजून चालू असेल तर तो जागता प्रस्तरभंग. तो ओळखायचा कसा? दोरी धरून भाताच्या सरळ ओळी लावल्या आणि कोणी अर्धे खाचर हातभर बाजूला ढकलले, अशी कल्पना करा. एकच ओळ वाकडी झाली तर लावणाऱ्या बाईचा हात चुकला म्हणाल. सगळ्याच ओळी एकाच रेषेवर, एकाच बाजूला मोडल्या तर जमीनच हलली. ओहोळांचे असेच पाहतात. जमीन सरकण्याऐवजी उचलली गेली असेल, तर नदी आपले पात्र खोल करते आणि तिची जुनी वाळू-गोटे आजच्या पुराच्या कितीतरी वर, कोरड्यात राहतात.

विदर्भात सातपुड्याच्या पायथ्याशी गाविलगडचा प्रस्तरभंग आहे. रेषेच्या उत्तरेला डोंगर, दक्षिणेला पूर्णेचा शेकडो मीटर खोल गाळ. तिथला खारपाणपट्टा त्याच गाळावर आहे. कोयना नदी महाबळेश्वरहून दक्षिणेला येते आणि हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेला वळते. त्याच खोऱ्यात ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला, पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली आणि डोणीचावाड्याच्या बाजूला जमिनीला लांब भेगा पडल्या. धरणाच्या पाण्याचाही त्यात हात होता, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. आपल्या शेजारी, शहापूर तालुक्यात, भातसा धरण भरत असता १९८३ मध्ये धक्के बसले होते. डहाणू-तलासरीकडे २०१८ च्या नोव्हेंबरपासून बसलेल्या धक्क्यांनी लोकांना रात्री घराबाहेर काढले.

किल्लारीची गोष्ट मात्र वेगळी. तेरणेकाठची ती सपाट काळी जमीन, पाहून कोणाला शंकाही आली नसती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सुमारे दहा हजार माणसे दगडमातीच्या भिंती आणि माळवदांखाली गेली. तेव्हा नदी काही सांगत नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

भूकंपानंतर किल्लारीजवळ शेतजमीन एका ओळीत ढकलली जाऊन वर आलेली दिसली. शास्त्रज्ञांनी तिथे आडवे चर खणले. माती परीक्षणाच्या खड्ड्यात आपण थर पाहतो, तसेच ते पाहतात. कोणता थर तुटला आणि त्यावरचा कोणता अखंड राहिला, यावरून भूकंप कधी झाला असावा हे ठरते. थरात कोळसा सापडला तर त्याचे वय काढता येते. माझ्या मते खरा पुरावा हाच. नकाशावरचे वळण फक्त कुठे खणायचे ते सांगते.

यात तुमचेही काम आहे. धक्का बसल्यानंतर शेतात नवी भेग दिसली आणि ती उतार-बांध न जुमानता कित्येक शेते ओलांडून गेली असेल, तर औत घालण्याआधी तिचे छायाचित्र घ्या, लांबी-दिशा टिपा आणि तलाठ्यांना कळवा. विहिरीची पातळी एकाएकी बदलली तर तीही तारखेसह लिहून ठेवा. एका चिखलणीत सारा पुरावा पुसला जातो.

त्या बाबांना मी म्हणालो, "बाबा, सह्याद्री आणि माथेरानचा डोंगर यांच्यामधल्या खोलगट वाटेने उल्हास उत्तरेला येते. तिथे कातळ कच्चा असेल, पण एवढ्यावरून भूकंप होईल असे म्हणता येत नाही." मग मी पलीकडच्या ओहोळाच्या काटकोनी वळणाकडे बोट दाखवले आणि म्हणालो, "हे मात्र तपासायला हवे."

बाबा हसले. "ते काय तपासता? माझ्या लहानपणी हा ओहोळ त्या चिंचेपलीकडून सरळ जायचा. भराव घातला तेव्हा वळवला. जुन्या पात्रावर आता चाळ उभी आहे."

मी वहीतली ती खूण खोडली आणि चाळीची जागा लिहून घेतली. भरावाची, गाळाची जमीन धक्क्यात जास्त हलते.